कण्णदासन: अकादमीचा पुरस्कार कादंबरीला, पण कवी तर गाण्यांत होता

कृष्णाकाठ

कण्णदासन यांना 1980चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘चेरमान कादलि’ या ऐतिहासिक कादंबरीसाठी. ज्यांची गाणी ऐकत तमिळनाडूतली माणसं प्रेमात पडली, रडली आणि स्मशानातून घरी परतली, त्यांना साहित्यिक म्हणून मान द्यायची वेळ आली तेव्हा हाताशी धरली गेली ती कादंबरी. मला हे फार खटकतं. माझं मत स्पष्ट आहे: त्यांचं सर्वांत टिकाऊ साहित्य म्हणजे त्यांची चित्रपटगीतं, आणि त्यांच्याकडे कविता म्हणूनच पाहायला हवं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म 24 जून 1927, कारैकुडीजवळच्या सिरुकूडल्पट्टि गावात, चेट्टियार कुटुंबात. मूळ नाव मुत्तय्या. शाळा आठवीपर्यंत. 1949च्या ‘कन्नियिन कादलि’ चित्रपटात पहिलं गाणं, तेही ‘मना, डगमगू नकोस’ अशा अर्थाचं. पुढे गाण्यांचा आकडा 5000च्या आसपास सांगितला जातो. गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्यांनाच, 1968च्या ‘कुळंदैक्काग’ चित्रपटासाठी.

आता एकच ओळ बघा. ‘पाद काणिक्कै’ (1962) मधल्या गाण्याचा मुखडा आहे:

वीडु वरै उरवु, वीदि वरै मनैवि, काडु वरै पिळ्ळै, कडैसि वरै यारो.

‘वरै’ म्हणजे ‘पर्यंत’. घरापर्यंत नातीगोती, रस्त्यापर्यंत बायको, काडापर्यंत मुलगा, शेवटपर्यंत कोण? ‘काडु’ म्हणजे रान, आणि स्मशानसुद्धा. एकेका पावलागणिक एकेक माणूस मागे राहतो. अख्खी अंत्ययात्रा बारा शब्दांत निघते आणि संपते. यात एकही अवघड शब्द नाही. रिक्षावाल्यालाही कळते आणि पंडितालाही पुरते. हिला कविता म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

पेठकर

तुमची तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही.

पहिलं म्हणजे अकादमी पुस्तकाला पुरस्कार देते, माणसाच्या लोकप्रियतेला नाही. त्यात अन्याय कसला? आणि गाण्यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तुम्हीच लिहिलंय.

दुसरं, तुम्ही नेमकी जी ओळ निवडलीत ती त्यांची नाहीच. पट्टिनत्तार या जुन्या तमिळ संतकवीचं पद काढून बघा. पैसाअडका घरापुरता, बायका रस्त्यापुरत्या, डोक्यावर हात ठेवून हुंदके देणारे मुलगे स्मशानापुरते, हे सगळं त्यात आहे. घर, रस्ता, स्मशान, सगळी उतरंड जशीच्या तशी. कण्णदासननी ती सोपी केली आणि विश्वनाथन-राममूर्तींनी चाल लावली. सोपं करणं ही कला आहेच, पण मूळ कवी तो नव्हे.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. कविता कागदावर एकटी उभी राहिली पाहिजे. गाण्याला चाल असते, गळा असतो, पडद्यावरचा प्रसंग असतो. टी. एम. सौंदरराजन यांचा आवाज बाजूला काढा आणि मग मोजा. आपल्याकडेही हेच आहे. गदिमांच्या चित्रपटगीतांवर मी लहानाचा मोठा झालो, तरी कवी गदिमा शोधायला मी ‘जोगिया’च उघडतो.

चेन्नईत_एकोणीस_वर्षं

पेठकर, पट्टिनत्तारांचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरं झालं. मी तो उलट बाजूने वाचतो. त्या पदाचा शेवट काय आहे? शेवटपर्यंत सोबत येतं ते पुण्य आणि पाप. म्हणजे पट्टिनत्तारांकडे उत्तर आहे. संताकडे असायलाच हवं. कण्णदासन घर, रस्ता, स्मशान इथवर त्यांचं बोट धरून चालतात आणि बरोबर शेवटच्या पायरीवर बोट सोडतात. पुण्य नाही, पाप नाही. ‘यारो’, कोण कोण जाणे. तीन पायऱ्या घेतल्या उसन्या आणि चौथी स्वतःची बांधली. सगळा अर्थ त्या चौथ्या पायरीवर आहे.

आपल्या तुकोबांनीही म्हटलंय, ‘जन हे सुखाचे दिल्याघेतल्याचे, अंत हे काळीचे नाही कोणी.’ तिथे ‘नाही कोणी’ असं ठाम विधान आहे, कारण पुढे विठोबा आहे. ‘यारो’मध्ये पुढे कुणी आहे की नाही तेच ठाऊक नाही. तिघांचा विषय एक, पण तिघे तीन ठिकाणी थांबतात. म्हणून कुणी तुकोबांना उसनवार म्हणत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या इमारतीतले एक वृद्ध गृहस्थ गेले. तिरडी उचलली तशा घरातल्या बायका रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. तिथे तशीच रीत आहे. माझ्या बाजूला इस्त्रीवाला उभा होता. तो हळूच पुटपुटला, ‘वीदि वरै मनैवि.’ चाल नाही, गळा नाही, पडदा नाही. नुसते तीन शब्द, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या बाई वळणावर उभ्या. कागदावर एकटी उभी राहणारी कविता तुम्हाला हवी आहे ना? ही तर रस्त्यावर एकटी उभी राहिली.

रानवाट

मी दोन्ही बाजूंशी भांडणार आहे. गाणं साहित्य असतं, हे मला शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी कण्णदासनच का? पट्टुक्कोट्टै कल्याणसुंदरम का नाही?

1930 साली जन्म, 1959 साली मृत्यू. पुरती तिशीही पाहिली नाही. शेतकरी चळवळीतून आलेला, कम्युनिस्ट विचारांचा माणूस. ‘नाडोडि मन्नन’ (1958) मधलं त्यांचं गाणं लहान भावाला सांगतं, झोपू नकोस रे. आता त्याच्या शेजारी कण्णदासन यांचं ‘सुमैतांगि’ (1962) मधलं गाजलेलं ‘मयक्कमा, कलक्कमा’ ठेवा. त्यात सांगितलंय, तुझ्यापेक्षा खाली कोट्यवधी आहेत, त्यांच्याकडे बघ आणि मनाला शांत कर. एक म्हणतो जागा राहा, दुसरा म्हणतो समाधान मान. भुकेल्या माणसाला दुसरा जास्त भुकेला दाखवून गप्प बसवणं मला कवीचं काम वाटत नाही.

आणि माणसाच्या भूमिकेचं काय? 1953 साली दालमियापुरम स्थानकाला पुन्हा कल्लक्कुडि नाव द्या म्हणून द्रमुकचं, म्हणजे द्रविड चळवळीतल्या पक्षाचं, आंदोलन झालं, त्यात हे तुरुंगात गेले. 1961 साली ई. व्ही. के. संपत यांच्यासोबत द्रमुक सोडला. संपत यांचा पक्ष पुढे काँग्रेसमध्ये गेला. निरीश्वरवादी चळवळीत वाढलेल्या या माणसाने मग ‘अर्थमुळ्ळ इंदु मदम’ हे हिंदू धर्मावरचं दहा भागांचं पुस्तक लिहिलं. नट आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या एम. जी. आर. यांच्यावर सडकून टीका केली आणि 1978 साली त्यांच्याच सरकारकडून राजकवीपद घेतलं. शब्द सुंदर असतील, पण हा माणूस उभा कुठे आहे?

आरती, ठाणे

‘रानवाट’, तुमचा कल्याणसुंदरम यांच्याबद्दलचा जिव्हाळा मला समजतो. पण एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करावं लागत नाही.

‘मयक्कमा’बद्दल सांगते. वालि हे पुढे तमिळचे तितकेच मोठे गीतकार झाले. मद्रासमध्ये काम मिळेना म्हणून ते शहर सोडायच्या विचारात होते आणि हे गाणं कानावर पडल्यावर थांबले, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. ज्या गाण्याला तुम्ही गप्प बसवणारं म्हणता, त्याने एका हरलेल्या माणसाला कामाला लावलं, आणि तेही आपल्याच प्रतिस्पर्ध्याला. माणूस मोडलेला असतो तेव्हा ‘जागा राहा’ ऐकायची ताकद त्याच्यात नसते. आधी श्वास घ्यावा लागतो. मी स्वतः अशा दिवसांतून गेले आहे, म्हणून हे अधिकाराने लिहिते.

भूमिका बदलल्या, हे खरं. त्यांनी लपवल्या मात्र नाहीत. द्रमुकमधल्या वर्षांवर त्यांनी ‘वनवासम’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात स्वतःच्या व्यसनांपासून स्खलनांपर्यंत सगळं आहे. आपल्याकडे किती पुढाऱ्यांनी किंवा कवींनी स्वतःबद्दल इतकं लिहिलंय? आणि हिंदू धर्मावर लिहिणाऱ्या याच हाताने येशूच्या जीवनावर ‘येसु काव्यम’ लिहिलं, तेही विसरू नका. मला हा माणूस उभा कुठे आहे त्यापेक्षा शोधतोय काय, ते महत्त्वाचं वाटतं. ‘कडैसि वरै यारो’ म्हणणाऱ्याकडे तयार उत्तर नव्हतंच.

रानवाट

आरतीताई, वालींची गोष्ट मला माहीत नव्हती. त्या गाण्याबद्दल माझा शब्द कडक होता, तो मागे घेतो. राजकवीपदाबद्दलचा घेत नाही. सत्तेने दिलेली पदवी कवीने घ्यावी का, यावर माझं मत ठाम आहे.

माटुंगा_ईस्ट

‘सदमा’ (1983) आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा मूळ तमिळ चित्रपट ‘मून्रां पिरै’. त्यातली ‘कण्णे कलैमाने’ ही अंगाई कण्णदासन यांचं शेवटचं गाणं मानतात. संगीत इळयराजा, गायक येसुदास. 17 ऑक्टोबर 1981 रोजी कण्णदासन शिकागोत गेले आणि चित्रपट 1982 साली आला. हिंदीत तिथे गुलजारांनी सुरमई डोळ्यांवर लिहिलं. चाल तीच, चित्रपट तोच, पण दोन भाषांत दोन वेगळ्या कविता झाल्या. पेठकरांच्या ‘चाल बाजूला काढा’ या म्हणण्याला हे माझं उत्तर. सगळं श्रेय चालीचं असतं तर शब्द बदलल्यावर गाण्यात काहीच बदललं नसतं.

आणखी एक. त्यांचे पुतणे पंचु अरुणाचलम त्यांचे लेखनिक होते, कण्णदासन सांगत आणि ते उतरवून घेत. याच पंचु अरुणाचलम यांनी ‘अन्नक्किळि’ (1976) मधून इळयराजांना चित्रपटात आणलं. म्हणजे ही अंगाई एका अर्थाने त्या घरातच जन्मली.

पेठकर

दोन गोष्टी मान्य करतो. ‘यारो’चा मुद्दा बिनतोड आहे. पट्टिनत्तारांचा शेवट मी वाचला होता, पण त्या ठिकाणी काय बदललंय हे मला दिसलं नव्हतं. ‘सदमा’चं उदाहरणही चांगलं आहे, जरी त्यातून चाल गौण ठरते असं मला वाटत नाही.

तरी माझा मूळ आक्षेप राहतो. पाच हजारांतली अशी किती निघतील? मागणी आली की पुरवठा, आज प्रेमगीत, उद्या दारूचं गाणं, परवा भजन. कवी स्वतःच्या निकडीने लिहितो, गीतकार निर्मात्याच्या निकडीने. आणि आपण इथे सगळे भाषांतरावर बोलतोय. तमिळ घरात बोलणाऱ्या कुणी सांगावं, रोजच्या, हलक्याफुलक्या, मागणीबरहुकूम लिहिलेल्या गाण्यातही कवी दिसतो का?

तंजावरची_सून

पेठकरकाका, मी सांगते. माझं सासर तंजावरी मराठी. घरात बोलणं मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला तमिळ त्यांनी शिकवलं ते पुस्तकातून नाही, स्वयंपाकघरात, आणि बरंचसं ‘बले पांडिया’ (1962) मधल्या ‘अत्तिक्काय् काय् काय्’ या एका गाण्यावर. अगदी हलकंफुलकं, विनोदी चित्रपटातलं, तुम्ही म्हणता तसं मागणीबरहुकूम.

तमिळमध्ये ‘काय्’ म्हणजे कच्चं फळ, भाजी. आणि ‘काय्’ म्हणजे चंद्राला, उन्हाला ‘तळप’ अशी आज्ञासुद्धा. ‘अत्तिक्काय्’ म्हणजे कच्चं उंबर. पण तोडून ऐकलं की चंद्राला सांगणं होतं, त्या दिशेला जाऊन तळप, इकडे नको. नायिका लाजून चंद्राला पलीकडे पाठवतेय आणि ऐकणाऱ्याला वाटतं भाजीबाजार भरलाय. अख्खं गाणं असं दुहेरी विणलेलं आहे.

त्यातला एक तुकडा सासूबाईंनी मला मिरच्यांची देठं काढता काढता समजावला होता. ‘उळ्ळमेलाम् मिळगायो.’ मिळगाय् म्हणजे मिरची, म्हणजे ‘तुझं हृदय सगळं मिरचीच आहे का?’ मग त्यांनी हातातल्या मिरचीचा देठ तोडला आणि म्हणाल्या, आता हा शब्द असा तोड. उळ्ळमेलाम्, इळगायो. आधीच्या शब्दाचा ‘म्’ पुढच्या ‘इ’ला चिकटला म्हणून मिरची ऐकू आली. सोडवलं की निघतं, ‘तुझं हृदय सगळं विरघळणार नाही का?’

आजही फोडणीत मिरची पडली की त्या हा तुकडा गुणगुणतात, आणि दोनातला कुठला अर्थ त्यांच्या मनात आहे ते सांगत नाहीत.