'वडिलांची निवडणूक' की 'वडीलवर्गाची निवड'?

मंडळीचा चिटणीस (यवतमाळ जिल्हा)
मागच्या रविवारी चर्चच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'आराधनेनंतर वडिलांची निवडणूक'. सहावीतला एक पोट्टा वाचून म्हणतो, "कोनाच्या वडिलांची जी?" सगळे हसले, पण मी अडकलो. मंडळीची देखरेख करणाऱ्यांना 'वडील' का म्हणायचं? आणि ते निवडायचे की निवडून आणायचे?

मराठीचे मास्तर
पोट्ट्याचं काही चुकलं नाही. आज 'वडील' म्हणजे बाप. जुना अर्थ मात्र वयाने, मानाने मोठा; वडील भाऊ, वडीलधारे, वडीलकी यांत तो अजून टिकून आहे. नव्या करारातल्या ग्रीक 'प्रेस्बुतेरोस'चा अर्थही 'वयाने अधिक' असाच. भाषांतर चोख होतं, आपली बोली पुढे सरकली. घोळ नको असेल तर 'वडीलवर्ग' लिहा. नव्या करारातल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 1 तीमथ्य 4 मध्ये, तो शब्द आहेच.

जागलवाला
मास्तर, त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'अध्यक्ष' येतो, त्याचंही पाहा. आपल्याला अध्यक्ष म्हटलं की हार, माईक आणि मधली खुर्ची दिसते. संस्कृतात 'अक्ष' म्हणजे डोळा, अध्यक्ष म्हणजे नजर ठेवणारा. ग्रीक 'एपिस्कोपोस'मध्येही 'वरून पाहणारा' हाच अर्थ. म्हणजे आमच्याकडचा जागल करणारा! हरभऱ्यात रोही शिरले आणि हा माळ्यावर घोरत होता, तर त्याला कोण अध्यक्ष म्हणेल? 'बिशप' हा शब्दही त्याच एपिस्कोपोसचा, घासून घासून उरलेला. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. त्यात बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, ज्यांच्याकडे आधी बिशप नव्हते. हुद्दा नवा होता, काम जुनंच.

वरूडचा भाऊ
माझं भांडण 'निवडणूक' या शब्दाशी आहे. घरी आई सुपात तूर घेऊन निवडते, तेव्हा दाणे काही प्रचार करत नाहीत. खडा, किडका दाणा बाजूला, चांगला आत. निवड ती. निवडणुकीत उभं राहावं लागतं, पॅनल लागतं, आणि आदल्या रात्री काय काय लागतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

मराठीचे मास्तर
पण हात वर करणं बायबलमध्ये नाही असं समजू नका. प्रेषितांची कृत्ये 14:23 मधलं ग्रीक क्रियापद मुळात 'हात पुढे करणे' असं आहे. अथेन्सच्या सभेत मत असंच देत, आपल्या ग्रामसभेसारखं. पुढे त्याचा अर्थ नुसता 'नेमणे' असाही झाला, आणि त्या वाक्यात वडील नेमणारे प्रेषित पौल आणि बर्णबा आहेत. त्यामुळे हात कोणाचे, यावर दोन्ही बाजू भांडू शकतात. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना, तर ईश्वरचिठ्ठीच आहे! पण आधी लोकांनी दोन माणसं पारखून उभी केली, मग चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. आपल्याकडे मतं समान पडली की मगच देव आठवतो.

संत्र्याच्या बागेतली ताई
'देवभीरू माणूस निवडा' असं सगळे म्हणतात, पण 'भीरू' मला खटकतो. त्यात भित्रेपणा येतो. आमच्या गावात 'देवमाणूस' म्हणजे ज्याला कोणीही गुंडाळावं असा. जुन्या करारातल्या निर्गम 18 मध्ये इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, सांगतो त्यात देवाचं भय आहे, पण सोबत कर्तबगारी, खरेपणा आणि हरामाच्या पैशाचा तिटकाराही आहे. देवाला भिणारा सरपंचाला भीत नाही, असा अर्थ निघायला पाहिजे. म्हणून मी 'देवाचं भय बाळगणारा' असं लांबलचकच म्हणते.
आणि 1 तीमथ्य 3 मध्ये अध्यक्षासाठी जी 'नवशिका नसावा' ही अट आहे, त्यातला ग्रीक शब्द आहे 'नेओफुतोस', नवीन लावलेलं रोप. संत्र्याच्या कलमावर पहिली चार-पाच वर्षं बहार धरत नाहीत, झाड खचतं. आमच्या मंडळीत मात्र दीक्षास्नान होऊन वर्ष झालं नाही की खजिनदार.

मंडळीचा चिटणीस
फळा पुसून 'वडीलवर्गाची निवड' लिहिलं. आता नवीनच अडचण. एका काकूंचं नाव आलंय. त्याच अध्यायातल्या 'एका स्त्रीचा पती' या अटीवर तर वाद होईलच, तो पाळकसाहेब बघतील. मला एवढंच सांगा, बाईला 'वडील' म्हणता येतं का?

मराठीचे मास्तर
'वडील बहीण' म्हणतोच की, भाऊ.