रेवदंड्याच्या खाडीत आमिष लावून गळ टाकायला कोणता रॉड, कोणती रील?

नवा_गळकरी
रेवदंडा-साळावच्या खाडीत जेटीवरून आणि अधूनमधून कोर्लईकडच्या खडकांवरून गळ टाकायचा आहे. लूर (खोटं आमिष) नको, फक्त खरं आमिष: कोळंबी, माकूल, बोयटाचा तुकडा. शिंगाळा, तांबोशी मिळाली तरी चालेल, नशिबात असेल तर जिताडा. रॉड, रील, दोरी सगळं मिळून सात हजार. दुकानदार 12 फुटी कार्बनचा टेलिस्कोपिक रॉड आणि 3000 मापाची रील गळ्यात मारतोय. स्कूटरवरून नेता आला पाहिजे. घ्यावं का? आणि दोरी कोणती, ब्रेड (वेणीची) की साधं नायलॉनचं तंगूस?

शिसं_आधी
रॉडपासून सुरुवात करू नका, शिशापासून (आमिष तळाला नेणाऱ्या वजनापासून) करा. खाडीच्या मुखाशी अष्टमीच्या भांगात (भरती-ओहोटीची ओढ कमी असते तेव्हा) 40-50 ग्रॅमचं शिसं तळाला बसून राहतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेच शिसं वाहत जाऊन कडेच्या दगडांत शिरतं. तेव्हा 80 ते 100 लागतं. त्यात आमिष धरा. माकलाची पट्टी आणि वर कोळंबी म्हणजे 20-25 ग्रॅम सहज होतात. थोडक्यात 100-120 ग्रॅम फेकायची तयारी हवी.

आता रॉड हातात घ्या आणि मुठीच्या वर छापलेलं 'कास्टिंग वेट' (फेकायचं वजन) वाचा. 50-100 ग्रॅम लिहिलेल्या रॉडवर 75-80 च्या वर जोर लावू नये, कारण तो वरचा आकडा कमाल असतो, रोजचा नव्हे. तुमच्या कामाला 80-150 चा रॉड. लांबी 10 फूट. नुसती जेटी असती तर 8 फूट पुरले असते, पण खडकावर दोरी लाटांच्या आणि कालवांच्या वर उचलून धरावी लागते. 12 फुटी दिवसभर धरून खांदा भरून येतो, आणि जेटीवर मागे उभ्या माणसाच्या कानाजवळून शिसं जातं ते वेगळंच.

टेलिस्कोपिक नको. सांध्यांत वाळू आणि मीठ शिरलं की दोन महिन्यांत एक तुकडा बाहेर येत नाही, नाहीतर आत जात नाही. तीन तुकड्यांचा, खोचायचा रॉड घ्या. 10 फुटीचे तुकडे साधारण साडेतीन फुटांचे होतात, स्कूटरला आडवे बांधता येतात. शुद्ध कार्बन हलका असतो, पण खडकावर आपटला की न दिसणारा तडा जातो आणि पुढच्या फेकीला रॉड तिथेच तुटतो. ग्लास फायबर किंवा मिश्र घ्या. सातातले अडीच-तीन हजार रॉडला, तीन-साडेतीन रीलला, उरलेले दोरी, गळ, शिशाला.

खडपातली_गरी
3000 मापाची रील या कामाला लहान. आकड्यांवर जाऊ नका, कंपनीगणिक ते बदलतात. स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकतीवर) छापलेली दोरीची जाडी आणि लांबी वाचा. 0.35 मिमी 250 मीटर लिहिलं असेल तर 0.40 किती मावेल? 250 × (0.35 ÷ 0.40) × (0.35 ÷ 0.40), म्हणजे साधारण 190 मीटर. एवढं पुरे. बहुतेक कंपन्यांत ही 5000-6000 मापाची रील निघते. मल्टिप्लायरच्या (स्पूल आडवा फिरतो आणि अंगठ्याने आवरावा लागतो त्या रीलच्या) नादी आत्ताच लागू नका. अंगठा सुटला की स्पूलवर असा गुंता होतो की भरती संपेपर्यंत सोडवत बसाल.

तंगूस भरताना स्पूलच्या काठापासून 2 मिमी रिकामं ठेवा. जास्त भरलं तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरलं तर काठाला घासून फेक आखूड पडते.

ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) अंदाजाने लावू नका. ताणकाट्याला दोरी बांधा, रॉड वाकवा आणि ओढा. 10 किलोच्या तंगुसाला अडीच किलोवर दोरी सुटायला लागली पाहिजे. गाठीत ताकद जाते, रॉडच्या कड्यांवर घर्षण होतं, म्हणून एवढा हात राखून.

उधाण_भांग
वरचं बहुतेक मान्य, पण ब्रेडला (पावाला नव्हे, वेणीच्या दोरीला) तुम्ही बगल दिलीत. खाडीत वाहत्या पाण्याचा जोर दोरीवर बसतो. 0.40 च्या तंगुसाऐवजी पीई 2 (ब्रेडच्या जाडीचा नंबर) म्हणजे साधारण 0.23 मिमी, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात कमी शिसं टिकतं. ताणली जात नसल्याने बारीक ठोकाही हाताला कळतो. जेटीवरून ब्रेडच. फक्त स्पूलवर आधी दहा-पंधरा वेढे तंगुसाचे द्या, नाहीतर अख्खी दोरी स्पूलवर गरागरा फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं.

खडपातली_गरी
जेटीपुरतं ठीक. खडकात कालवांना नुसती घासली तरी ताणलेली ब्रेड कापली जाते, तंगूस निदान थोडं सोसतं. दोन स्पूल ठेवावेत.

दोन्हींत पुढे जाड लीडर (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) हवाच. हिशोब असा: 28 ग्रॅम शिशाला साडेचार किलो. म्हणजे 100 ग्रॅमला 16 किलो, 0.60 चं तंगूस घ्या. लांबी इतकी की फेकताना रीलवर त्याचे चार-पाच वेढे राहतील. लीडर नसेल तर जोराच्या फेकीत दोरी तुटून शिसं गोळीसारखं सुटतं, आणि बोट कापतं ते ब्रेडने. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, म्हणून गळाजवळचा तुकडाही 0.60-0.70 चाच.

नवा_गळकरी
बराच गैरसमज दूर झाला. 'बेटरनर' रीलला जास्त पैसे घालावेत का? आणि खडकात शिसं अडकतं त्याचं काय?

शिसं_आधी
रॉड टेकवून बसणार असाल तर घाला. मागची कळ दाबली की स्पूल जवळजवळ मोकळा फिरतो. शिंगाळा किंवा पाकट आमिष घेऊन धावलं तरी रॉड खाडीत जात नाही. हँडल फिरवलं की लावलेला ड्रॅग परत येतो. सोबत सर्कल गळ (टोक आत वळलेला गोल गळ) वापरा आणि झटका देऊ नका. दोरी ताणू द्या, रील फिरवा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका दिलात तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो.

खडकात शिसं सगळ्यात खाली, गळ त्याच्या वर 30-40 सेंटीमीटर, दोरीला आडव्या जोडलेल्या आखूड फांदीवर. शिसं 0.25 च्या बारीक तंगुसाने बांधा. अडकलं तर तेवढंच तुटेल, मासा नि बाकी दोरी परत येईल. मात्र त्या बारीक दोरीवर जोराची फेक सोसत नाही, पायाशी किंवा हलकेच टाका. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणा, शिशाचे पैसे वाचतात. वाळूच्या तळाला ते गडगडतात, तिथे पिरॅमिड शिसंच.

उधाण_भांग
घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून मग रीलवर गोडं पाणी शिंपडा, आत शिरत नाही. नळाची धार मारू नका, ती मीठ आत ढकलते. सुकल्यावर ड्रॅग सैल. दोरी वळते ती बारीक पुली सगळ्यात आधी अडकते, तिला तेलाचा एक थेंब. रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवा; धागा अडकला तर आतल्या चिनीमातीला चीर आहे. ती कडी बदलल्याशिवाय ब्रेड लावू नका.