मदत हवी आहे: पिकअप अडखळतो, गॅरेजवाला ईसीएम बदला म्हणतोय

भांडुपकर_पश्चिम

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, १.२ पेट्रोल, मागाहून बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट. सिग्नलवरून निघताना अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग झटका देऊन उचलते. १५०० ते २५०० आरपीएमला जास्त. एसी चालू असेल आणि फ्लायओव्हरचा चढ असेल तर हमखास. पेट्रोलवरही होतं, गॅसवरही. प्लग आणि एअर फिल्टर नवे, थ्रॉटल बॉडी साफ केली आहे. स्कॅनरवर आलेले बिघाडाचे कोड: पी ०१७१, पी ०३०० आणि मधूनच पी ०१०७. स्कॅनरचा ईसीएमशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, संपर्क मध्येच तुटतो, म्हणून गॅरेजवाला म्हणतो ईसीएम गेला. नव्याचे ३२ हजार सांगतोय, एकदा लावला की परत घेणार नाही. कुर्ल्यात जुना स्वस्तात मिळेल असंही म्हणाला. काय करावं?

मल्टिमीटर_हाती

थांबा, अजून ईसीएमला हात लावू नका. मिश्रण पातळ (पी ०१७१), मिसिंग (पी ०३००) आणि एमएपी म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर (पी ०१०७) असे वेगवेगळे कोड येतात, वर संपर्कही तुटतो, तेव्हा या सगळ्यांत सामाईक काय आहे ते आधी बघायचं: बॅटरीचा प्लस, अर्थिंग आणि सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट. ईसीएम आतून बिघडला तर पुष्कळदा पी ०६०१ किंवा पी ०६०६ पडतो. तो नाही म्हणून ईसीएम निर्दोष ठरत नाही, पण ३२ हजार घालायला हा पुरावा फार तोकडा आहे.

पहिली चाचणी फुकट आहे. इंजिन आयडलवर, हेडलाइट हाय बीमला, ब्लोअर फुल, एसी चालू. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ‘कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज’ बघा आणि त्याच वेळी मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा. मोबाइल अॅपमध्ये अडॅप्टरचं स्वतःचं व्होल्टेज वेगळं दिसतं, ते धरू नका. ते ओबीडी सॉकेटवरचं, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटवरचं, असतं. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टच्या वर फरक असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय.

कुठे, ते असं शोधा. मीटर डीसी व्होल्टला. काळी प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब आधी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, मग ईसीएम कनेक्टरच्या अर्थ पिनवर. कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक पिन सरकवायची. अर्थ पिनवर ०.१ व्होल्टच्या वर जाता कामा नये. वायरचं आवरण टोचू नका, पावसाळ्यात त्याच भोकातून ओल शिरून तांबं हिरवं पडतं.

ओहमवर मोजून ‘अर्थिंग ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहा तारांतली एक शाबूत असली तरी ओहम मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो. लोड असतानाच खरं काय ते कळतं.

भांडुपकर_पश्चिम

मोजलं. बॅटरीवर १४.१, ईसीएम दाखवतो १३.२. ब्लॉकवर ०.०४. अर्थ पिनवर ०.७२, आणि हार्नेस हलवला की १ च्या वर जातो.

मल्टिमीटर_हाती

सापडलं. ब्लॉकपर्यंतचं अर्थिंग चांगलं आहे, म्हणजे दोष ईसीएमची अर्थ वायर जिथे बोल्टने आवळली आहे तिथे, किंवा त्या वायरमध्येच. राहिलेले ०.१८ प्लसच्या बाजूचे आहेत. मेन रिलेच्या (ईसीएमला प्लस पुरवणारा रिले) पिना काळ्या पडल्यात का ते जाताजाता बघा, पण ती मुख्य भानगड नाही.

काळ्या वायरीच्या मागोमाग जा. पुष्कळ छोट्या गाड्यांत ती इनटेक मॅनिफोल्डवर किंवा सिलेंडर हेडजवळ एका छोट्या बोल्टखाली असते. किट बसवताना गॅसच्या ईसीयूचं अर्थिंगही त्याच बोल्टखाली कोंबलेलं सापडतं, मग लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) तिरका बसतो आणि हळूहळू सैल होतो. चावी बंद करून बॅटरीचा मायनस काढा, बोल्ट उघडा, लग आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. लगच्या मागे आवरणाखाली हिरवट भुकटी दिसली तर तेवढा तुकडा कापून नवा लग दाबून बसवा. गॅसच्या अर्थिंगला वेगळा बोल्ट द्या. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नको. तिथे उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा.

हे बिघडलं की गाडी अडखळते कशी? कॉइल आणि इंजेक्टरचा करंट ईसीएममधून याच वायरने परत जातो. एसी कॉम्प्रेसर लागला, लोड वाढला की पाया डळमळतो: ठिणगी कमजोर, इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि ईसीएम क्षणभर रीसेट झाला तर स्कॅनरचा संपर्कही तुटतो. पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर सारखाच त्रास होता तो यामुळे. फक्त गॅसवर झाला असता तर रोख किटच्या इंजेक्टर-रिड्यूसरकडे गेला असता.

गॅरेज_गप्पा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना ईसीएम घ्यायच्या बेतात असाल तर एक लक्षात ठेवा. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा, आणि तरीही गाडी सुरू होईलच असं नाही. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) त्या दुसऱ्या गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. एक तर तुमच्या ईसीएममधला डेटा त्यात उतरवावा लागतो, नाहीतर ईसीएम, इमोबिलायझर आणि चावी असा सेटच घ्यावा लागतो. तुमचा मूळ ईसीएम कोणत्याही परिस्थितीत हातचा सोडू नका, डेटा त्यातच आहे.

आणि ईसीएम खरंच जळाला असेल तर का जळाला ते आधी शोधायचं. शॉर्ट झालेली कॉइल तशीच ठेवून नवा लावला तर तोही त्याच वाटेने जातो. साध्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम येतो. चारांत एखादा फारच खाली असेल तर तो आधी बदला.

भांडुपकर_पश्चिम

लग हिरवा पडला होता, कापून नवा बसवला. अर्थ पिनवर आता ०.०३. झटका गेला, संपर्क तुटत नाही, पी ०१०७ परत आला नाही. पण पी ०१७१ पुसून पेट्रोलवर चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +१७, २५०० आरपीएमला +४. इनटेकमध्ये हवा गळतेय का?

मल्टिमीटर_हाती

तुमच्या गाडीत हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर नाही, एमएपी आहे. अशा गाडीत इनटेकची गळती ट्रिमपेक्षा आयडल चढण्यात जास्त दिसते, कारण आत शिरलेली हवा एमएपीला कळते आणि पेट्रोल आपोआप वाढतं. आयडल स्थिर असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळतोय का बघा. आयडलला त्या फटीतून बाहेरची हवा ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. आरपीएम वाढला की आतला दाब वाढून परिणाम मावळतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो का ऐका, मॅनिफोल्ड गॅस्केटच्या कडेला काजळी शोधा.

प्लगचा गॅपही मोजून घ्या. पेट्रोलचे नवे प्लग १.० ते १.१ मिमीचे मिळतात, गॅसला ०.७ ते ०.८ लागतो, नाहीतर चढावर पुन्हा मिसिंग सुरू होईल. गॅसचा मॅप (किती गॅस सोडायचा त्याचा किटमधला तक्ता) तपासणं अगदी शेवटी, पेट्रोलवरचे ट्रिम ±५ च्या आसपास आल्यावर. आधी ट्यून करून घेतलंत तर एक्झॉस्टच्या गळतीची चूक गॅसच्या मॅपमध्ये जाऊन बसेल.