मदत हवी आहे: जर्मनीतली 'क्लिम' छळछावणी नेमकी कुठे आहे?

सुकी_भाकर:
जरा लवकर सांगा, १९ तारखेचं विमान आहे. माझे आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या छळछावणीत होते. छावणीचं नाव क्लिम. क्लीम, क्लिंब, सगळी स्पेलिंगं करून पाहिली, नेटवर काही सापडत नाही. म्युनिकमध्ये चार दिवस आहोत. तिथून एका दिवसात जाऊन येता येईल का? आणि त्यांचं नाव कुठल्या यादीत मिळेल? 'गूगल कर' म्हणणाऱ्यांनी कृपया लिहू नये.

म्युनिककर:
डाखाऊ असणार, दुसरं काय. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून एस-२ लोकल पकडा, डाखाऊला उतरा, पुढे ७२६ नंबरची बस. प्रवेश फुकट. मार्च १९३३ मध्ये उघडलेली ही पहिलीवहिली. १२ वर्षांत २ लाखांवर कैदी, त्यातले ४१,५०० मेले. ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणाऱ्या नूर इनायत खानला १३ सप्टेंबर १९४४ ला इथेच गोळी घातली. आमच्याकडे पाहुणे आले की मीच घेऊन जातो. जॅकेट न्या, मोकळ्या पटांगणात वारं झोंबतं.

निवृत्त_सुभेदार:
जय हिंद. पलटण कुठली? हुद्दा? कुठे पकडले गेले, कोणत्या साली? एवढं लिहिल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

अबोली:
अरोल्सन आर्काइव्ह्जला लिहा. जर्मनीत बाड अरोल्सन नावाच्या छोट्या गावात आहे, नाझींनी छळलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांची कागदपत्रं आहेत. विनंती ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या पोलिश मैत्रिणीला पणजोबांचं कार्ड तिथेच मिळालं.

नकाशावेडा:
अबोलीताई, पोलिश पणजोबांचं वेगळं. अरोल्सनचा मुख्य भर छळछावण्यांतले कैदी, वेठबिगार आणि बेघर झालेल्या लोकांवर आहे. ब्रिटिश-हिंदी फौजेतला शिपाई पकडला गेला की तो युद्धकैदी. त्याची छावणी सैन्याच्या ताब्यात, एसएसच्या (छळछावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या) नाही. तिला स्टालाग म्हणायचे. डाखाऊचा इथे संबंध नाही.

म्युनिककर:
छावणी ती छावणी. काटेरी तार दोन्हीकडे होतीच की.

नकाशावेडा:
तार होती, पण युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचा १९२९ चा जिनिव्हा करारही होता, आणि ब्रिटनच्या फौजांतल्या कैद्यांना जर्मनी तो बऱ्यापैकी लागू करत होता. रशियनांना केला नाही. ५७ लाखांच्या आसपास पकडले, त्यातले ३३ लाख उपासमारीनं, थंडीनं आणि गोळ्यांनी मेले. तेही युद्धकैदीच. म्हणून छावणी कोणती हे महत्त्वाचं.

सुकी_भाकर:
इथे वाद घालू नका हो, माझं राहतंय बाजूला. @निवृत्त_सुभेदार, पलटण माहीत असती तर विचारलं असतं का? मोठी मावशी (वय ८४) सांगते की ते 'तोबरूक'ला पकडले गेले. आधी लिहिलं नाही कारण मला ते जर्मनीतलं गाव वाटलं.

निवृत्त_सुभेदार:
अहो, हेच तर विचारत होतो! टोब्रुक लिबियात आहे. २० जून १९४२ ला पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं आग्नेय बाजूनं तडाखा दिला. ती बाजू धरून होती मराठ्यांची दुसरी बटालियन, २/५, जिला आम्ही काली पाँचवीं म्हणतो. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, तीस हजारांवर माणसं एका दिवसात कैद. आजोबा सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे असतील तर डोळे झाकून बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. आर्मी नंबर लागेल. आजीच्या फॅमिली पेन्शनच्या कागदावर असतो, तो आधी शोधा.

पंचगंगा_काठ:
कोल्हापूरचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायकामुलं. स्टालिननं सायबेरियात नेऊन टाकलेले, तिथून इराणमार्गे इकडे. चर्च, शाळा, थिएटर, सगळं होतं. नंतर बरेचसे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. आमची आजी त्यांना अंडी विकायची, 'दोब्रे' म्हणजे चांगलं हे तिला शेवटपर्यंत लक्षात होतं. छळछावणीतून सुटून माणसं कुठे पोचली हे बघायचं तर जर्मनीला कशाला जायला पाहिजे?

सुकी_भाकर:
तिकिटं काढून झालीत म्हणून.

नकाशावेडा:
टोब्रुकचे कैदी आधी इटालियनांच्या ताब्यात गेले, समुद्रापलीकडे इटलीत. आव्हेत्सानोला ९१ नंबरची छावणी हिंदी शिपायांचीच होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शरणागती जाहीर केली, काही जण डोंगरात पळाले, बाकीच्यांना जर्मन उचलून घेऊन गेले. आता मला एकच सांगा. 'क्लिम' हे नाव आलं कुठून? पत्र आहे? पदक? आजोबा बोलले होते?

सुकी_भाकर:
आजोबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत. त्यांच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा आहे, त्याला तारेची कडी लावलेली. डब्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात छापलंय, के एल आय एम. खालचं पुसलंय. घरात सगळे म्हणतात की छावणीतून आणलेला. फोटो टाकतोय.

अबोली:
फोटो पाहिला. उलटं वाचा.

अबोली:
म्हणजे शेवटून पहिल्याकडे. मिल्क. दूध पावडरचा डबा आहे तो.

नकाशावेडा:
अबोलीताईंना शंभर गुण. क्लिम ही दूध पावडर रेडक्रॉसच्या कॅनडातल्या पार्सलांतून यायची. डबा संपला की कैदी त्याचे मग, पातेली, अगदी फुंकणीच्या चुलीसुद्धा करायचे. तारेची कडी तिथेच कोणीतरी बसवली असणार. हिंदी कैद्यांसाठी लंडनहून वेगळी पार्सलं निघायची, इंडियन कम्फर्ट्स फंडाची, त्यात आटा, डाळ, करी पावडर. सुकी_भाकर, ट्रंकेत अजून काय आहे? एखादं कार्ड?

मोडीमित्र:
कार्ड असेल तर मोडीत असू शकेल. मी मोडी वाचनाचे वर्ग घेतो, रविवारी, ऑनलाइन. नमुना पाठवा.

सुकी_भाकर:
एक कार्ड आहे, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, बाळबोध आहे. 'येथे सर्व खुशाल, म्हैस विकू नये' एवढंच लागतं, बाकी उडालंय. वर क्रीग्सगे… असा लांबलचक शब्द छापलाय. एका कोपऱ्यात गोल शिक्का, 'गेप्र्यूफ्ट' का काय. मागे स्टामलागर, मग रोमन चार, मग डी, तिरकी रेघ, झेड. हे काही कामाचं आहे का?

नकाशावेडा:
कामाचं? हेच पहिल्या दिवशी टाकायला हवं होतं. क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट म्हणजे युद्धकैद्यांची टपाल. गेप्र्यूफ्ट म्हणजे तपासलं, सेन्सॉरचा शिक्का. स्टामलागर म्हणजेच स्टालाग, आणि स्टालाग चार डी/झेड म्हणजे आनाबुर्ग, टोरगाऊजवळ. हिंदी कैद्यांची ती एक मोठी छावणी. म्युनिकहून बरंच उत्तरेला आहे, एका दिवसात जाऊन येणं दमवेल, रात्री लाइपझिगला मुक्काम करा. आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ४१६ हा संच बघा, जर्मनांनी राष्ट्रकुलातल्या कैद्यांची ठेवलेली कार्डं. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून शोधा, साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडेही अर्ज करता येतो, पण तिथला कोटा ठरलेला असतो आणि खिडकी उघडली की लगेच भरते.

म्युनिककर:
आनाबुर्ग म्हणजे सुभाषबाबू! डिसेंबर १९४१ मध्ये नेताजी तिथे कैद्यांसमोर बोलले होते. तुमचे आजोबा आझाद हिंदचे!

निवृत्त_सुभेदार:
१९४१ च्या डिसेंबरात हा गडी टोब्रुकला पकडलाही गेला नव्हता. तारखा बघून लिहावं. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीनं निघून गेले. हिंदी कैद्यांतून त्यांनी जर्मनीत उभारलेल्या फौजेत, लीजनमध्ये, तीनेक हजार गेले, बाकीचे गेले नाहीत. न जाणाऱ्यांना कमी लेखू नये.

म्युनिककर:
आणि जाणाऱ्यांना?

निवृत्त_सुभेदार:
त्यांनाही नाही. पण दोन शपथा घेणं सोपं नसतं, ते खुर्चीत बसून कळत नाही. लीजनवाल्यांना शेवटी धरून हिंदुस्थानात आणलं. जे स्टालागात राहिले त्यांना १९४५ मध्ये बोटीनं घरी सोडलं. कार्डावर स्टालागचा नंबर आहे म्हणजे ते लिहिलं तेव्हा तरी आजोबा कैदीच होते. तारीख आहे का कार्डावर?

सुकी_भाकर:
तारखेच्या जागी घडी पडून कागद फाटलाय. पेन्शनचे कागद मामाकडे आहेत, तो उद्या बघतो म्हणाला, म्हणजे दिवाळीपर्यंत. आनाबुर्गचं हॉटेल बघतोय.
मावशीला आत्ता फोन केला, क्लिम म्हणजे दूध हे सांगितलं. ती म्हणाली, मग बरोबरच आहे, बाबा त्याच डब्यानं रतीब घालायचे, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी माप बदललं नाही.

पंचगंगा_काठ:
किती मावायचं त्यात? आमच्याकडं चिपटं-मापटं होतं.

मोडीमित्र:
कार्ड बाळबोध आहे, ठीक. पण जुन्या घरात एखादा कागद मोडीत असतोच. ट्रंक पुन्हा एकदा बघा.