विषय: पुराच्या आराखड्यात आपलं म्हणणं कसं पोचवायचं?

प्रेषक: समा, बडोदा

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याआधी मंडळाने एक काम हातात घ्यावं असं मनापासून वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली. तिथली धोक्याची पातळी २६ फूट. पण आमच्या सोसायटीत पाणी नदीकडून आलंच नाही. ते मागच्या भूखी कांसेतून, म्हणजे पावसाळी नाल्यातून, उलटं चढलं, तेही पाऊस थांबल्यावर. पावागढकडचं आणि आजवा धरणाचं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो. उघडीप बघून लोक निर्धास्त झाले आणि गाड्या तळघरातच राहिल्या.

तळमजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचं मशीन लागतं. शॉक बसू नये म्हणून वीज बंद केली, ते योग्यच होतं. पण मशीन बंद पडलं आणि लिफ्टही. मुलांनी त्यांना खुर्चीसकट जिन्याने वर नेलं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं, त्यामुळे प्यायलाही पाणी उरलं नाही. अशा आजी कुठल्या घरात आहेत ते शेजाऱ्यांना माहीत असतं, नकाशा काढणाऱ्याला कसं कळणार?

अमेरिकेत आराखडा करताना लोकांना विचारतात म्हणे. तिकडच्यांनी जरा सांगा ना.

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी

ताई, वाचून जीव कासावीस झाला. आजी आता बऱ्या आहेत ना?

इथे २००० सालचा केंद्राचा कायदा आहे. काउंटीला किंवा गावाला आपत्तीचा धोका कमी करण्याचा आराखडा दर ५ वर्षांनी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर त्या कामांसाठीचा केंद्राचा बराचसा निधी मिळत नाही. मसुदा तयार होत असताना आणि मंजुरीआधी, अशा दोन्ही वेळी लोकांना बोलायची संधी दिलीच पाहिजे, असा नियम आहे. मला पहिली वेळ जास्त मोलाची वाटते. जाडजूड आराखडा तयार होऊन पुढ्यात आल्यावर कोण काय बदलणार?

सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळात रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल गाव बुडालं. १९९९ च्या फ्लॉइड वादळातही ते बुडालं होतं. राज्याची 'ब्लू एकर्स' योजना १९९५ पासून आहे. वारंवार बुडणारी घरं विकत घ्यायची, पाडायची आणि जागा कायमची मोकळी ठेवायची. पण मालक राजी असेल तरच. बडोद्यात नदीकाठच्या वस्त्या हलवायच्या गोष्टी निघतात तेव्हा हे 'राजी असेल तरच' आपण ठामपणे मांडायला हवं.

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदा

ताई आणि चिरंजीव, दोघांचंही पटलं.

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून बनतो आणि दरवर्षी सुधारायचा असतो. नागरिकांना बोलवाच, असं त्या कलमात म्हटलेलं नाही; पण आपण होऊन लेखी माहिती दिली तर कोण अडवतंय? शिवाय २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. आपलं म्हणणं आत्ताच पोचायला हवं.

माझा आग्रह एवढाच, की तक्रारींचा पाढा नको, मोजमाप द्या. भिंतीवर पाण्याची रेघ असेल तर रंग काढण्याआधी मोजून ठेवा. मोजायची ती रस्त्यापासून, घरातल्या फरशीपासून नाही, कारण प्रत्येकाचं जोतं वेगळं. २०१९ च्या पुराची रेघ आठवत असेल तर तीही लिहा. त्या ३१ जुलैला शहरावरच एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता, २०२४ ला नदीच्या वरच्या भागातून आलेल्या पाण्याचा जोर मोठा होता. कुठली गल्ली दोन्ही वेळा बुडाली आणि कुठली एकदाच, यावरून नाल्याचं काम आधी करायचं की नदीचं, ते अभियंत्यांना ठरवता येईल. पाणी कुठून शिरलं आणि किती वाजता, हेही हवं. नदीतल्या मगरी कुठे दिसल्या तेसुद्धा लिहा. अंधारात बचावाला उतरणाऱ्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि कृपा करून फक्त मराठी घरं मोजू नका. परशुराम भठ्ठ्याच्या वस्तीत पाणी आपल्या आधी पोचतं, त्यांना विचारल्याशिवाय हे काम पुरं होणार नाही. कागद गुजरातीत असावा. तो लिहायला मी बसतो. समा भागाचं काम ताईंकडे. फत्तेगंज आणि मुजमहुड्याला कोण जाईल, ते रविवारपर्यंत कळवा.