विषय: बंड्याला सहा आठवडे कोण ठेवेल? (आणि विमा)

प्रेषक: मंदार, सोमवार 10, रात्री 11:40

मंडळी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. 19 तारखेला पुण्याला निघतोय, सहा आठवडे. आमचा कुत्रा बंड्या ज्या केनेलमध्ये (कुत्र्यांच्या वसतिगृहात) नेहमी राहतो तिथे जागा नाही. नेहाताई ठेवायला तयार आहेत (गणपतीतला लाडवांचा प्रकार होऊनसुद्धा!), पण अट घातलीय की आधी त्याचा विमा काढ. आता काढला तर लगेच लागू होतो का?

प्रेषक: अविनाश, मंगळवार, सकाळी 7:05

ही ईमेल यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. पातेल्यांचा विषय निघाला तेव्हाही हेच सांगितलं होतं. मंदार, आईला नमस्कार सांग. उत्तरं त्याला परस्पर पाठवावीत.

प्रेषक: प्रसाद, मंगळवार, 8:20

काका, निम्म्या मंडळाकडे कुत्री-मांजरं आहेत, इथेच बोलू.

मंदार, लगेच लागू होत नाही. आजारपणाला इथे ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी 14 दिवस थांबावं लागतं. आज काढलास तर 25 उजाडते, तेव्हा तू सहा दिवस पुण्यात असशील. त्या दिवसांतलं आजारपण तुझ्या खिशातून. अपघाताची मुदत कमी असते, कुठे दोन दिवस, कुठे पाच, म्हणजे गाडीखाली आला तर निघायच्या आत कव्हर असेल. भलतंच काही खाल्लं तर ते अपघातात धरतात की आजारात, हे कंपनीगणिक बदलतं. तुझ्या कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न फोन करून विचारच.

आणि गणपतीचं लपवू नकोस. पहिला क्लेम केला की दवाखान्याकडून जन्मापासूनचे कागद मागवतात. आमच्या कुत्रीच्या, डॉलीच्या कागदांत कधीतरी एका ओळीत 'कान खाजवते' लिहिलेलं निघालं, कानाचा सगळा क्लेम नामंजूर.

प्रेषक: शिरीष, मंगळवार, 12:50

मी विम्याच्या भानगडीत पडत नाही. महिना 40 पौंड वेगळ्या खात्यात टाकतो. प्रीमियमवर 12 टक्के कर, दरवर्षी वाढ, वर एक्सेस (म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरलेला भाग). आठ वर्षांत साडेतीन हजारांच्या वर साठलेत, टॉमीला एकदा जुलाब झाले तेवढंच. लहानपणी साताऱ्यात आमच्या कुत्र्याला डॉक्टर घरी येऊन सुई देऊन जायचे, चहा हीच फी.

प्रेषक: प्रसाद, मंगळवार, 1:15

टॉमी शहाणा आहे. डॉलीच्या गुडघ्याचा लिगामेंट तिसऱ्या वर्षी तुटला. बिल 4,200 पौंड, त्यात 20 टक्के व्हॅट आलाच. एक्सेस 120 वजा, उरलेले 4,080 मिळाले. तुमच्या हिशोबाने तेव्हा खात्यात जेमतेम चौदाशे असते. इथे माणसाला एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) आहे, कुत्र्याला नाही, म्हणून आपल्याला बिलाचा आकडाच माहीत नसतो.

पण घ्यायचा तर 'लाइफटाइम' घ्या, म्हणजे एकाच दुखण्याला दरवर्षी पैसे मिळत राहतात. स्वस्तातल्या पॉलिसीत एका दुखण्याला 12 महिनेच पैसे मिळतात. त्वचेची अॅलर्जी, मधुमेह असलं जन्माचं दुखणं लागलं की तेराव्या महिन्यापासून तुम्ही एकटे. आणि दुखणं लागल्यावर कंपनी बदलणं अवघड, नवी कंपनी ते बहुधा 'आधीचं' म्हणून वगळते. म्हणून लहानपणीच काढायचा.

प्रेषक: नेहा, मंगळवार, रात्री 9:30

मला पैशांची काळजी नाही, मंदारने आठवड्याच्या आत परत केले होते. अट का घातली ते सांगते.

गणपतीतल्या रविवारची रात्र, साडेदहा. बंड्याने रव्याच्या लाडवांचा डबा रिकामा केलेला, झाकणावर दातांच्या खुणा. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, म्हणून डॉक्टर वाट बघायला तयार नव्हते. मंदार विमानात. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, विमा आहे? नाही म्हटल्यावर तिने खर्चाच्या अंदाजाचा कागद माझ्यापुढे सरकवला. ओकारी करवायचं इंजेक्शन, दोन दिवस सलाईन, रक्ततपासण्या. खाली सहीची जागा. मागे बंड्या माझी ओढणी चावतोय, शेपूट हलवतोय, त्याला काही झालंच नव्हतं. दुसऱ्याचा कुत्रा, दुसऱ्याचे पैसे, आणि ठरवायचं मी! सही केली, कार्ड दिलं, 600 अनामत. पण त्या कागदात 6,000 असते तर?

प्रेषक: सुलभा, बुधवार, 6:45

लाडू माझे होते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहिते. डबा मी ओट्यावर ठेवला होता. खुर्च्या मांडणाऱ्यांनी जमिनीवर ठेवला. यापुढे बेदाण्याऐवजी काजू घालीन, पण कुत्रे हॉलमध्ये आणू नयेत हा ठराव आधीच झालेला आहे.

प्रेषक: शिरीष, बुधवार, 9:10

काजू नको काकू, चारोळी घाला. बेदाण्याशिवाय रव्याचा लाडू कोरडा लागतो.

प्रेषक: अविनाश, बुधवार, 9:25

ठराव झाला नव्हता, चर्चा झाली होती. इतिवृत्त माझ्याकडे आहे.

प्रेषक: प्रसाद, बुधवार, दुपारी 2:00

नेहाताईंचा मुद्दा विम्याने निम्माच सुटतो. बऱ्याच ठिकाणी बिल आधी आपण भरायचं, कंपनी मागाहून देते. दवाखाना थेट कंपनीकडून पैसे घेतो का ते आधी विचारा. क्लेम पॉलिसी ज्याच्या नावावर त्यालाच करता येतो, पण तो पुण्यातून ऑनलाइन होईल. सहीसाठी मंदारने दवाखान्याला लेखी द्यावं की माझ्या गैरहजेरीत नेहा संमती देतील, अमुक रकमेपर्यंत विचारायचीही गरज नाही. लस चुकलेली नाही ना ते बघ. चुकली असेल तर त्या रोगांचे पैसे देत नाहीत.

प्रेषक: मंदार, गुरुवार, रात्री 12:20

काढला. लाइफटाइम, वर्षाला 7,000 पौंडांपर्यंत. लाडवांचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी मूत्रपिंडाचं दुखणं वगळलं, पुढच्या वर्षी नव्या तपासण्या दाखवल्या तर फेरविचार करू म्हणाले. गणपतीआधी काढला असता तर ही पाळी आली नसती. थर्ड पार्टी कव्हर यात आहे, म्हणजे पोस्टमनला चावला तरी नेहाताई निर्धास्त. पहिल्या चौदा दिवसांतल्या आजारपणासाठी माझं कार्ड दवाखान्यात नोंदवतोय.

नेहाताई, शनिवारी 11 ला दवाखान्यात याल का? संमतीपत्रावर दोघांच्या सह्या लागतात. ओळखपत्र आणा. बंड्याची गादी आणि खाणं गाडीत टाकून आणतो.

प्रेषक: सुलभा, गुरुवार, 7:30

शनिवारी 11 ला फराळाची मीटिंग आहे, नेहा त्यात आहे. हॉलची किल्ली कुणाकडे आहे?