रात्री दहाला पनीर कापायचं आणि दारात ‘सामाजिक बांधिलकी’चा बोर्ड – कुणी समजावेल का?

फ्रीजवाली

नमस्कार मंडळी. इथे पाच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका सुपरमार्केटमध्ये डेअरी-बेकरी सेक्शनची इनचार्ज आहे. दुकानाचं नाव विचारू नका. घराचा हप्ता चालू आहे.

रात्री पावणेदहाला शटर अर्धं खाली येतं आणि माझं ‘डम्प’ सुरू होतं. ज्या मालाची तारीख आज संपते तो शेल्फवरून काढायचा, स्कॅन करायचा, रजिस्टरला चढवायचा आणि मागच्या पॅसेजमध्ये नेऊन नासवायचा. पनीरची पिशवी कटरने उभी चिरायची, दह्याचे डबे बादलीत उपडे करायचे, ब्रेडवर फिनेल. मग फोटो काढून एरिया मॅनेजरच्या ग्रुपवर. फोटोत चीर दिसली पाहिजे. एकदा नव्हती दिसली, तर सकाळी फोन आला. परवा मंगळवारचा हिशोब सांगते: ब्रेड चौदा, दही नऊ, पनीर तीन, २०० ग्रॅमवाले. ब्रेड बोटाने दाबला तर परत वर येत होता, इतका मऊ.

सोबतचा हेल्पर लातूरकडचा पोरगा आहे, एका खोलीत पाच जण राहतात. कामाला लागला त्या आठवड्यात त्याने विचारलं होतं, “मॅडम, एक नेऊ का?” मी नाही म्हणाले. गेटवर बॅगा तपासतात, सापडलं तर चोरी धरतात. नंतर त्याने परत कधी विचारलं नाही. आता फिनेल तोच ओततो आणि मी सही करते.

आमच्या दारात, ट्रॉल्या लावतात त्याच्या वर, मोठा बोर्ड आहे. शाळेतली बाकं, हसरी पोरं, खाली ‘आमची सामाजिक बांधिलकी’. बाकं खरी आहेत हो, आमच्यातलीच एक जण तिथल्या कार्यक्रमाला जाऊन आली. शिवाय बिलिंगला कॅशियरने विचारायचं असतं, “सर, पाच रुपये मुलांच्या शिक्षणासाठी?” त्याचंही टार्गेट असतं.

तर विचारायचं असं, की कापायलाच पाहिजे असा कायदा आहे का? हा माल कुणाला दिला तर तो कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीला समाजकार्यावर जो खर्च करावा लागतो त्यात, धरत नाहीत का? धरत असतील तर देत का नाहीत? आणि माझ्यासारखीला नोकरी सांभाळून काही करता येईल का?

‘अन्न हे पूर्णब्रह्म’ कृपया कुणी लिहू नका. ते आमच्या कँटीनच्या भिंतीवर आहे.

आकडेमोड

फ्रीजवालीताई, मी सीए आहे, ठाण्यात. सुपरमार्केटवाले माझे अशील नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मुदत संपलेला माल विकायचा नाही, हा कायदा आहे. मुदत संपायच्या आधी फाडा, असं कुठेही लिहिलेलं नाही. पाकिटावर आजची तारीख असेल तर रात्री पावणेदहाला तो माल कायद्याने खाण्याजोगाच आहे. दोन तास का होईना.

आता सीएसआर. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून. पैसे कशावर घालायचे त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि तिची सुरुवातच भूक, गरिबी, कुपोषण यांच्यापासून होते. इथवर वाचून वाटेल, झालं की मग!

गोम पुढे आहे. ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी मंत्रालयाने सांगून टाकलं, की वस्तुरूपात दिलेलं दान पैशात मोजून सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. कायद्यातला शब्द ‘खर्च करणे’ असा आहे. म्हणजे तुमचे चौदा ब्रेड वाटले तर खात्यात शून्य. तेच चौदा ब्रेड कंपनीने समोरच्या बेकरीतून रोख विकत घेऊन वाटले, तर धरतात. हसू नका, खरंच असं आहे. म्हणून बाकं येतात. बाकाचं बिल असतं.

बिलिंगचे पाच रुपये ग्राहकाचे. कंपनीचे दोन टक्के कंपनीच्या नफ्यातून जायला हवेत, त्यात या पाच रुपयांना जागा नाही. बोर्डावर दोन्ही शेजारी-शेजारी छापले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, तो भाग वेगळा.

वरून कुणी तुम्हाला ‘जीएसटीमुळे देता येत नाही’ असं सांगेल, तर हे ध्यानात ठेवा. कलम १७(५)(एच) प्रमाणे माल नष्ट केला तरी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जातं आणि फुकट दिला तरी जातं. दोन्हीकडे भोक तेवढंच. ब्रेडवर तर मुळात करच नाही, जाणार काय? बिस्किटांवर १८ टक्के होते तेव्हा थोडं दुखायचं, २२ सप्टेंबर २०२५ पासून तेही ५ वर आलेत. आणि तोच माल अर्ध्या किमतीत विकला तर क्रेडिट शाबूत राहतं. दान करण्यापेक्षा पडत्या भावात विकणं कंपनीला सोपं आहे. माझ्या मते तुम्ही तिथूनच जोर लावा.

बाराभाव_किराणा

सीएसाहेबांचं बरोबर असेल, पण कापण्यामागचं कारण आमच्यासारख्याला विचारा. जळगावात ३१ वर्षं दुकान आहे. तारीख गेलेला माल न फाडता बाहेर टाकला की तो आठवडे बाजारात परत येतो. थिनरच्या बोळ्याने तारीख पुसतात, नवा शिक्का मारतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बिस्किटाचा पुडा, शिक्का अजून ओला. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न प्राधिकरणाने उत्पादक आणि आयातदारांकडून मुदतबाह्य मालाचा दर तिमाहीचा हिशोब मागायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

शिवाय कुणाचं पोट बिघडलं तर नाव दुकानाचंच येणार. ताईंच्या मॅनेजरला शिव्या घालायच्या आधी एवढं बघा. बाकी माझ्याकडे ब्रेडवाला रोज सकाळी जुना माल उचलून नेतो, मला हा त्रासच नाही. तुमच्याकडे नेत नाही का?

फ्रीजवाली

बाराभावदादा, नाही नेत. आमच्या कंपनीने ब्रेडवाल्याकडून जास्त मार्जिन घेतलंय आणि बदल्यात ‘रिटर्न नाही’ असं ठरवलंय. मार्जिन वर हेड ऑफिसला, आणि रिटर्न माझ्या बादलीत.

टोपीवाला_पुणे

अहो, ती पिशवीची भानगडही सांगा ना कुणी. सोळा रुपये घेतात आणि वर स्वतःचीच जाहिरात छापतात. ती पण बांधिलकीच का?

आकडेमोड

आधी कुठे न सांगता ऐन पैसे देताना पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटलंय. आता दारातच पाटी लावतात, म्हणजे आधी सांगितलं झालं. विषयांतर नको, ताईंचा धागा आहे.

ल्योंकर

फ्रान्समध्ये नऊ वर्षं आहे, म्हणून चार ओळी. इथे दुकानदार कचऱ्याच्या डब्यांत जाव्हेल ओतायचे. जाव्हेल म्हणजे फरशी-संडास धुवायचं ब्लीच. ताईंचं फिनेल वाचून तेच आठवलं. फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने ते बंद केलं. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाने खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवायचं नाही आणि एखाद्या संस्थेशी करार करायचा. नासवलं तर तेव्हा ३,७५० युरो दंड ठरला होता. दिलेल्या मालाच्या किमतीच्या ६० टक्के करातून सूटही मिळते. तुमच्याकडे वस्तू मोजत नाहीत, इथे मोजतात. फरक तिथे पडतो.

पण फार भारावू नका. मी शनिवारी एका संस्थेत भाजी निवडायला जातो. ट्रक येतो तेव्हा कित्येक क्रेटवर आजचीच तारीख असते. दुकानाला करसवलत मिळते आणि सडकं वेगळं करायचं काम आम्हा फुकट्या लोकांना. मागच्या शनिवारी स्ट्रॉबेरीचे बारा क्रेट आले, त्यातले पाच सरळ फेकले. म्हणजे कचऱ्याचा डबा दुकानाच्या मागून उचलून संस्थेच्या मागे ठेवला, एवढंच.

उरलंसुरलं

पुण्यातच आम्ही सात-आठ जण हॉटेल आणि मंगल कार्यालयांतलं उरलेलं गोळा करतो, तो अनुभव सांगते. ताई, तुमचं गणित वेळेवर अडतं. पावणेदहाला मिळालेला ब्रेड साडेदहाला वस्तीत पोचला तर लोक झोपलेले. आणि बारा वाजता तारीख गेली की तो वाटायचा नाही. २०१९ साली अतिरिक्त अन्नवाटपाचे नियम आले, त्यात संस्थेला अन्न प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. कुणीही स्कूटर घेऊन आलं आणि डबा दिला, असं मॅनेजर करूच शकत नाही. त्याचं खरंच चूक नाही.

दही-पनीर आम्ही बर्फाच्या पेटीशिवाय हातही लावत नाही. ब्रेड-पाव मात्र सहज. संध्याकाळी सातला ‘आज संपणारं’ वेगळं काढा, साडेआठपर्यंत अर्ध्या किमतीत विका, त्यातून उरलं तर आमच्यासारख्या नोंदणीवाल्या संस्थेला सही-शिक्क्याने द्या. मॅनेजरला ‘दान’ म्हणू नका. ‘श्रिंकेज (मालातली तूट) कमी होईल’ म्हणा. दान म्हटलं की फाइल मुंबईला जाते आणि परत येत नाही.

फ्रीजवाली

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा, दिवाळीचा स्टॉक होता.

उरलंसुरलंताईंचं ऐकून मॅनेजरपुढे ‘श्रिंकेज’ म्हणाले. सीएदादांचं ब्रेडला कर नसल्याचं वहीत लिहून नेलं होतं, तेही वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, भाऊ सीए आहे. (दादा, राग मानू नका.) फक्त ब्रेड, फक्त एक महिना, ट्रायल म्हणून, एवढ्यावर मिटलं. सातला पिवळं स्टिकर, अर्धी किंमत.

चौदाचे दोन-तीन झाले. एकदा तर शून्य, रजिस्टरला आडवी रेघ मारली. हेल्पर पोरगा रोज सातला स्वतःच्या पैशाने एक घेतो, बिल खिशात ठेवतो आणि गेटवर बॅग उघडायच्या आधी बिलच पुढे करतो.

तक्रार आता वेगळीच आहे. पावणेसातपासून पाच-सहा जण शेल्फपाशी उभे असतात, त्यात आमच्याच सोसायटीतल्या एक काकू, त्यांना काही कमी नाही. मॅनेजर म्हणतात, पूर्ण किमतीचा ब्रेड संध्याकाळी उठायचा थांबला. मी म्हटलं, मग ऑर्डरच दहाने कमी करू. ते म्हणाले, ऑर्डर हेड ऑफिसचं कॉम्प्युटर काढतं, त्याला कोण सांगणार? संस्थेचं पत्र वर गेलंय, उत्तर नाही.

दारातला बोर्ड बदलला. यंदा झाडं आहेत.

आज पनीर चार निघाले. फोटो पाठवून येते, मग दह्याचं काय करायचं ते विचारते.